कडेच्या दोन तारा

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या निगुडकरांच्या घरी सकाळचा चहा घड्याळावर होत नाही, व्हायोलिनवर होतो. गुरुप्रसाद निगुडकर आंघोळ करून सतरंजीवर बसतात, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात आणि खुंट्या पिळायला लागतात. तारा जुळायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी पंचवीस. षड्ज-पंचम जागेवर बसले, चारही तारा एका दमात बोलल्या, की आत राजलक्ष्मीबाई उठतात आणि गॅसवर पातेलं चढवतात. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, हा क्रम एकदाच मोडला. बाहेरगावचे पाहुणे होते म्हणून पातेलं आधी चढलं, चहा उतू गेला, आणि त्याचा ठपका गुरुप्रसादांच्या पंचमावर आला.

माणूस तसा साधा. छत्तीस वर्षं विजेच्या कचेरीत मीटरच्या तक्रारी लिहून घेतल्या. संध्याकाळी कुणाच्या तरी गाण्यामागे बसून व्हायोलिन धरलं. ग्वाल्हेरात गाणाऱ्यांचा तोटा नाही आणि गाणाऱ्यामागे बसणाऱ्यांची कुणाला आठवण नाही. निवेदक गवयाचं नाव, त्याच्या गुरूचं नाव, गुरूच्या गुरूचं नाव सांगून दम लागल्यावर म्हणायचा, ‘और वायलिन पर निगुडकर जी’. निगुडकरांना पाळण्यात ठेवलेलं एक नावही आहे, हे तीस वर्षांत कुणाला विचारावंसं वाटलं नाही. गुरुप्रसादांनाही ते सांगावंसं वाटलं नाही, म्हणजे दोष दोन्हीकडे होता असं राजलक्ष्मीबाईंचं मत.

पण या घरात एक गंमत होती. गुरुप्रसादांचे पणजोबा संस्थानच्या बँडात होते. तिथे त्यांनी पाच ओळींवर सूर लिहायची विलायती लिपी शिकून घेतली, मुलाला शिकवली, आणि ती पुढे या घरात पोथीसारखी उतरत आली. वडील खयाल गायचे, पण हिशेबाच्या वहीत बंदिशी मात्र पाच ओळींवर मांडायचे. गुरुप्रसादांना अक्षरओळख आणि ती लिपी बरोबरच आली. शाळेत असताना त्यांनी बँडच्या जुन्या पेटीत एक चोपडी पाहिली. तिच्यात दोन व्हायोलिनं, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार वाद्यांनी मिळून वाजवायचं संगीत छापलेलं होतं. चार जण, कुणी कुणाच्या मागे बसलेलं नाही, प्रत्येकाला बोलायची पाळी. त्या पोराला ते इतकं आवडलं की ते वेड पुढे सुटलंच नाही.

नोकरीत असतानाच ते असं संगीत लिहायला लागले, आपल्या रागांत, आपल्या बंदिशींवर. वाजवणार कोण? तेच. पहिला आवाज टेपवर घ्यायचा, तो लावून त्यावर दुसरा वाजवायचा, मग तिसरा, मग चौथा. व्हिओला आणि चेलो त्यांनी हातात कधी घेतले नव्हते. त्यांचे खालचे आवाजही ते व्हायोलिनवरच वाजवायचे आणि मनातल्या मनात खाली उतरवून ऐकायचे. शेजारच्या लीलाताईंना कित्येक वर्षं वाटायचं, निगुडकरांकडे शिकवणीला मुलं येतात. मुलं जाताना-येताना दिसत कशी नाहीत, एवढंच त्यांना कोडं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मात्र नवल घडलं. शहराच्या लष्कर भागातल्या एका जुन्या संगीत सभेला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. सभेचे सचिव दिग्विजयसिंह यांनी एकदा एका मैफलीत वीज गेली तेव्हा वेळ काढायला गुरुप्रसादांच्या फोनवरचं ते चार आवाजांचं संगीत ऐकलं होतं, आणि ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. ते स्वतः घरी आले. पुण्याहून चार तरुण वादकांना बोलावतोय, म्हणाले, विलायती पद्धतीने शिकलेली पोरं आहेत, त्यांच्यासाठी तुम्ही अशाच चार वाद्यांच्या तीन रचना, तीन क्वार्टेट, लिहून द्या. “बंदिशें हमारी हों, बाजा उनका,” एवढं म्हणून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. गुरुप्रसादांनी होकार दिला की नाही हे त्यांना स्वतःलाच आठवत नाही. राजलक्ष्मीबाई सांगतात, तुम्ही नुसते खुंटी पिळत बसला होतात.

आठ महिने ते माणसांत राहिले नाहीत. पहिलं भूपातलं, दुसरं यमनातलं. ती दोन्ही दिवाळीच्या आत उरकली. तिसऱ्याला वेळ लागला, कारण तिसऱ्यात बंदिश नव्हती. तिसऱ्याची सुरुवात म्हणजे चार वाद्यं नुसत्या मोकळ्या तारा छेडत येतात, षड्ज आणि पंचम, दुसरं काही नाही. मग त्या मोकळ्या तारा खाली गुणगुणत राहतात आणि वर हळूहळू भैरव उजाडतो. शेवटी भैरव विरतो, तारा राहतात. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात आपण जे काही ऐकलं ते यात आलं, असं गुरुप्रसादांना वाटत होतं. हे बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही. त्याला नाव काय द्यायचं हे दिग्विजयसिंहांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, नाव कशाला, तिसरं म्हणा.

स्वच्छ अक्षरात चार वाद्यांचे चार गठ्ठे झाले. नई सडकेवरच्या दुकानात झेरॉक्स काढताना दुकानदाराने विचारलं, हे काय, स्वेटरचे नमुने का? गुरुप्रसाद त्या दिवशी इतके खुशीत होते की त्याला हो म्हणाले. गठ्ठे पुण्याला रवाना झाले आणि घरात रोजच्यासारखा चहा सुरू झाला.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना फोनवर निरोप आला. चौघांची पुढारी अवंतिका म्हणून मुलगी होती, पहिलं व्हायोलिन वाजवणारी. निरोप अतिशय अदबीने लिहिलेला होता, आणि अदबीचा निरोप वाईट असतो हे कचेरीत मुरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. काका, पहिली दोन आम्हाला फार आवडली. तिसरंही कागदावर सुंदर दिसतं. पण त्यात एक्केचाळीस जागा अशा आहेत (यादी खाली दिली आहे) की एका हाताने त्या वाजतच नाहीत. खालचा सूर धरला तर वरची तान सुटते, तान धरली तर सूर सुटतो. आम्ही तीन आठवडे झटलो. खालचे सूर काढून टाकता येतील का? नाहीतर तिसरं या खेपेला राहू दे का? बुधवारी येतोच आहोत, तेव्हा सांगा. आणि जमलं तर तुमचं व्हायोलिन घेऊन या, तुमचा हात तिथे कसा पोचतो ते बघायचंय.

गुरुप्रसादांनी तिथल्या तिथे व्हायोलिन काढलं आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जागा वाजवून पाहिल्या. सगळ्या वाजल्या, अगदी सहज. याचा अर्थ त्यांनी लावला तो असा, की ती पोरं चांगली शिकलेली आहेत, त्यांना जे वाजत नाही ते वाजवण्यासारखं नसणारच. आपलं आपलं वाजवायची सवय झालेल्या माणसाने दुसऱ्यांसाठी लिहायला बसू नये. मीटरच्या तक्रारी लिहिणाऱ्याने तक्रारी लिहाव्यात.

मग त्यांनी रबर घेतलं. दोन दिवस बसून एकेक खालचा सूर पुसला आणि तिसरं सुटसुटीत करून टाकलं. वाजवून पाहिलं. राजलक्ष्मीबाई दारात मेथीची जुडी निवडत ऐकत होत्या.

“हे कुणाचं आहे?” त्यांनी विचारलं.

“माझंच. तिसरं.”

“नाही हो. परीक्षेला लिहिल्यासारखं वाटून राहिलंय. आधी होतं ते आपल्या घरातलं होतं.”

गुरुप्रसाद चिडले. एरवी न चिडणारा माणूस चिडला की तो भलत्यावरच चिडतो, तसे ते मेथीवर चिडले, रोज रोज काय मेथी म्हणाले. पण बायकोने बरोबर बोट ठेवलं होतं हे त्यांना कळत होतं. खालचा सूर काढल्यावर त्यात राहिलंच काय होतं! आता दोनच वाटा होत्या. हे उसनं वाटणारं सभेपुढे जाऊ द्यायचं, किंवा तिसरं परत घ्यायचं. परत घेतलं तर पुन्हा कुणी मागणार नव्हतं हेही खरं. या वयात दुसरी सभा आणि दुसरे दिग्विजयसिंह कुठून येणार? तरी त्यांनी ठरवलं, परत घ्यायचं. फोनवर कळवायला धीर झाला नाही. पोरं एवढ्या लांबून आली आहेत, तोंडावर सांगू आणि माफी मागू, असं म्हणून बुधवारी दुपारी ते ई-रिक्षात बसून सिटी सेंटरला गेले. व्हायोलिन नेणार नव्हते. राजलक्ष्मीबाईंनी ते उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मुलीने आणा म्हटलंय ना, म्हणाल्या, मग न्यायला काय जातं.

सभेने सरावासाठी एका कचेरीचा वरचा दिवाणखाना घेतला होता. चौघं खुर्च्या मांडून बसले होते. चेलो वाजवणारा विहंग उठून पाया पडला, त्यामुळे गुरुप्रसादांनी पाठ केलेलं माफीचं वाक्य घशातच राहिलं. अवंतिका म्हणाली, काका, आधी एकदा वाजवून दाखवा, मग बोलू. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यात सतरंजी होती, तिच्यावर बसले, आणि यादीतली सतरावी जागा वाजवली. सगळ्यात अवघड म्हणून पोरांनी आपल्या कागदावर तिला तीन वेळा लाल खूण केली होती. खालची तार गुणगुणत राहिली, वर तान गेली आणि परत आली. चौघं खुर्च्यांवरून वाकून त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. बघण्यासारखं काही नव्हतं. हात सावकाश चालला होता.

“काका, मी घेऊ?” अवंतिकेने विचारलं.

आपलं व्हायोलिन ते कुणाच्या हाती देत नसत. पण आज सगळंच सोडायला आले होते, दिलं. तिने ते नमस्कार करून घेतलं, हनुवटीखाली धरलं आणि तीच जागा वाजवली. जे काय निघालं ते इतकं बेसूर होतं की खालच्या मजल्यावरच्या शिपायानेही वर बघितलं असेल. अवंतिका थांबली. तिने एकेक तार मोकळी छेडली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पुन्हा पहिली. तिचा चेहरा पालटत गेला.

“काका, तुमच्या तारा कशा मिळवल्यात?”

“कशा म्हणजे? मिळवतात तशा,” गुरुप्रसाद म्हणाले. “पेटीच्या पांढरी दोनचा षड्ज. प, सा, प, सा.”

“आमच्या तशा नसतात.”

तिने आपलं व्हायोलिन उचलून चारही तारा छेडून दाखवल्या. मधल्या दोन दोन्ही व्हायोलिनांवर सारख्याच होत्या. कडेच्या दोन वेगळ्या होत्या, तिच्या व्हायोलिनाची खालची एका स्वराने उतरलेली, वरची एका स्वराने चढलेली. बस, एवढंच. गुरुप्रसादांना जी तार नुसती मोकळी छेडून मिळत होती, तिच्यासाठी या पोरांना बोट खर्ची घालावं लागत होतं, आणि तानेला बोट उरत नव्हतं.

विलायती व्हायोलिनाच्या तारा वेगळ्या मिळवतात हे गुरुप्रसादांना ठाऊक नव्हतं असं नाही. पणजोबांच्या त्या चोपडीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. पण पंचावन्न वर्षं रोज सकाळी ज्याने प-सा-प-सा मिळवलं, त्याला व्हायोलिन म्हणजे तेच. गठ्ठ्यांच्या प्रत्येक कागदावर त्यांनी राग लिहिला, लय लिहिली, गज कुठे उचलायचा ते लिहिलं. तारा कशा जुळवायच्या ते कशाला लिहायचं? सकाळी उठून तोंड धुवा असं कुणी लिहितं का! चार आवाज एकट्याने, एकाच वाद्यावर वाजवून पाहणाऱ्या माणसाला ही चूक कधी ऐकूच येणार नव्हती.

त्यांना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझीच चूक, ते दोनदा म्हणाले. अवंतिका म्हणाली, मलाही सुचायला हवं होतं, आपले लोक तारा निराळ्या लावतात हे मी ऐकलेलं आहे, पण तीन आठवडे आम्ही बोटांशीच भांडत बसलो. आणि मग तिला हसू आलं. विहंगला आलं. शेवटी गुरुप्रसादांनाही आलं, ते चष्मा काढून पुसत हसत राहिले. आठवडाभर ज्या गोष्टीने त्यांचं धाबं दणाणलं होतं, ती गोष्ट म्हणजे प्रत्येक वाद्याच्या दोन खुंट्या होत्या.

पण त्या पिळायच्या म्हणजे एकदम नाही. विहंग बिचकत होता. चेलोच्या खालच्या दोन्ही तारा चढवायच्या होत्या, वाद्य जुनं होतं आणि जवळ जादा तारांचा एकच संच होता. तुटली तर रविवारपर्यंत ग्वाल्हेरात चेलोची तार कुठून आणायची? तेव्हा गुरुप्रसाद सतरंजीवरून उठले आणि त्याच्या खुर्चीजवळ जाऊन उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यामागे बसून त्यांनी एक काम मात्र असं केलं होतं की त्यात त्यांना कुणी शिकवावं असं नव्हतं. ते तारेला बोट लावून डोळे मिटायचे आणि सांगायचे. “अजून. थोडं थांब, तिला दम खाऊ दे. अजून. आता केसभर. बस.” मग व्हिओला. मग दुसरं व्हायोलिन. मग अवंतिकेचं. अर्धा तास गेला. एकही तार तुटली नाही.

“वाजवा,” ते म्हणाले. “तिसरं नको. नुसत्या तारा.”

चौघांनी मोकळ्या तारांवर गज टेकवले. चेलोचा षड्ज खालून आला, व्हिओलाचा पंचम त्यात मिसळला, वर दोन व्हायोलिनं. गुरुप्रसादांनी चाळीस वर्षं जो खालचा आवाज नुसता मनात उतरवून ऐकला होता, तो आज फरशीतून पायाला लागला. त्यांचा जीव भांड्यात पडला. इतका की उभं राहवेना, ते मटकन सतरंजीवर बसले आणि पोरांना वाटलं काकांना बरं नाही. विहंग पाणी आणायला धावला. त्यांनी हाताने खूण केली, वाजवा, थांबू नका.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा राजलक्ष्मीबाईंनी काही विचारायच्या आत त्यांनी मेथी आहे का विचारलं. पुसलेले सूर पुन्हा लिहावे लागले नाहीत, कारण ते त्यांनी आपल्याच प्रतीतून पुसले होते, पोरांच्या झेरॉक्समध्ये सगळे शाबूत होते. एकच गोष्ट लिहायची राहिली होती. गुरुवारी त्यांनी चारही गठ्ठे मागवून घेतले आणि तिसऱ्याच्या डोक्यावर लाल शाईने प्रत्येक वाद्याच्या तारा लिहिल्या. बदललेल्या तारांवर जिथे बोट लागत होतं तिथे बोटं बदलावी लागली, ती अवंतिकेने दोन दिवस बसून बदलली. बाकी एक्केचाळीस जागा जिथल्या तिथे राहिल्या.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. लष्करातले जुने ऐकणारे पुढच्या रांगांत शाली पांघरून बसले होते. राजलक्ष्मीबाईंना तिसऱ्या रांगेत जागा होती, शेजारी लीलाताई. गुरुप्रसादांना दिग्विजयसिंहांनी मंचाच्या कडेला खुर्ची दिली होती आणि निवेदनात नाव पूर्ण घेतलं होतं, गुरुप्रसाद निगुडकर, ग्वालियर के संगीतकार. लीलाताईंनी वळून पाहिलं, की हे कोण. भूप झाला, यमन झाला, लोकांनी मान डोलावली, टाळ्या वाजवल्या. गुरुप्रसादांचं त्यात लक्ष नव्हतं.

तिसऱ्याआधी चौघांनी मंचावरच खुंट्या फिरवल्या. सभागृहात कुजबुज थांबली. षड्ज-पंचम जुळत आले तसे पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी नकळत माना सरळ केल्या, घरचं माणूस दारात आल्यासारख्या. आणि जुळवणं कुठे संपलं आणि तिसरं कुठे सुरू झालं हे कुणाला कळलं नाही, कारण गुरुप्रसादांनी ते तसंच लिहिलं होतं. चारही वाद्यं एका दमात बोलली.

तिसऱ्या रांगेत राजलक्ष्मीबाई उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि बाहेर निघायला एक पाऊल टाकलं. मागच्याने विचारलं, क्या हुआ, भाभी जी? त्या भानावर आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली बसल्या. लीलाताईंनी हळूच विचारलं, कुठे निघाला होतात?

“चहा ठेवायला,” त्या म्हणाल्या.

मंचाच्या कडेवरून गुरुप्रसादांनी हे सगळं पाहिलं. शब्द ऐकू आले नाहीत, पण खोचलेला पदर दिसला. त्या क्षणी त्यांना पक्कं समजलं की तिसरं बरोबर पोचलं आहे. पुढे भैरव कसा झाला, टाळ्या किती वाजल्या, हे त्यांना दुसऱ्यांकडूनच ऐकावं लागलं.